रघुनाथकाकांचा डाग

१८ नोव्हेंबर १९९६

गजेंद्र आज एक मीटर घेऊन आला. कामरेज रोडवरच्या कापड रंगवणाऱ्या एका प्रोसेस मिलमध्ये तो इलेक्ट्रिकचं सगळं बघतो. मूळ अमळनेरकडचा, म्हणून माझ्याशी मराठीत बोलतो, पण मधेमधे गुजराती येतंच. "ताई, आ मीटर बंद पडी गयुं. दुसऱ्या कोणाला दाखवलं नाही. काकांचं नाव ऐकून आलो."

सगळे काकांचंच नाव ऐकून येतात. पाटी माझ्या नावाची, गाळ्याचं भाडं माझ्या नावावर, आणि गिऱ्हाईक आत आलं की माझ्या खांद्यावरून पलीकडे बघतं. टोचत नाही असं लिहिणार होते. थोडं टोचतं. पण मी डिप्लोमा झाल्यावर इतकी वर्षं घरीच होते, आणि जुन्या ओळखीचे रघुनाथकाका एका कंपनीत जन्मभर इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. ते निवृत्त झाले तेव्हा मीच त्यांच्या मागे लागले, की आपण दोघं मिळून दुकान काढू. ते हो म्हणाले म्हणून सुरतेत पर्वत पाटियाला कापडाच्या गोडाऊनखाली हा गाळा उभा आहे. लोकांची यंत्रं तपासायची जी यंत्रं असतात, ती आम्ही दुरुस्त करतो.

गजेंद्रचा मीटर इन्सुलेशन टेस्टर आहे. मोटारीच्या गुंडाळीतून वीज बाहेरच्या लोखंडात झिरपते का ते बघायचा. मिलमध्ये फरशी चोवीस तास ओली, त्यामुळे दर महिन्याला सगळ्या मोटारी त्याने तपासाव्या लागतात.

२१ नोव्हेंबर

दोष सापडला. आतला व्होल्टेज रेग्युलेटर गेलाय. बाकी सगळं ठीक.

मी लगेच ड्रॉवरमधून ७८०५ काढला. पाच व्होल्टचा, तीन पायांचा, आमच्याकडे मूठभर पडलेत. पायांचा क्रमही तोच. काकांनी माझ्या हातातून तो काढून घेतला.

"हा मीटर कशावर चालतो?"

"चार सेलवर."

"म्हणजे सहा व्होल्ट. तुझ्या ७८०५ ला पाच द्यायचे तर आत सात तरी लागतात. सहातून तो पाच कुठून काढेल? मूळचा जो आहे तो लो-ड्रॉप आहे. अर्धा व्होल्ट जास्त मिळाला तरी त्याचं भागतं. तोच लागेल."

"पण अॅडॅप्टरवर चालेल ना?"

"अॅडॅप्टर नऊ व्होल्ट देतो, त्यावर चालेल. मोटारीपाशी अॅडॅप्टर कोण लावतं? सेलवरच वापरणार. आणि सेल उतरले की आतली पाचशे व्होल्टची तपासणी होईल साडेतीनशेची. झिरपणारी वीज कमी दिसेल आणि काटा म्हणेल, सगळं चांगलं आहे. बंद मीटर परवडला, हा नको."

काका असं बोलायला लागले की मला परत वर्गात बसल्यासारखं वाटतं, आणि आवडतं. सुरतेत हा तुकडा कुठेच मिळाला नाही. माझ्या नवऱ्याच्या, तुषारच्या, बँकेतले एक जण मुंबईला जाणार आहेत, त्यांना लॅमिंग्टन रोडवरून आणायला सांगितलंय. गजेंद्र घाई करतोय. करू दे.

२९ नोव्हेंबर

रेग्युलेटर आला. पण उद्या सकाळीच आम्हाला नाशिकला निघायचंय, सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. काकांना म्हटलं, तुम्हीच बसवा. तुकडा काडेपेटीत घालून त्यांच्या टेबलावर ठेवला, वर मीटरचं नाव लिहिलं.

"ठेव गं शोभे, बसवतो," म्हणाले. शोभा त्यांची धाकटी बहीण, पारोळ्याला असते. मला बहिणीच्या नावाने हाक मारली म्हणून जाताना मला उगाच बरं वाटत होतं.

४ डिसेंबर

परत आले. मीटर तयार होता. काकांचे सोल्डरिंगचे डाग नेहमीसारखे, एकेक मोत्यासारखा गोल. मी वरूनच पाहिले, सर्किटच्या पट्टीच्या मागच्या बाजूने. तुकड्याचा नंबर पुढून पाहायला डबा पूर्ण उघडावा लागला असता आणि गजेंद्र समोर उभा होता. अॅडॅप्टर लावला, माहितीच्या किमतीचे रेझिस्टर जोडून पाहिले, काटा अगदी जागेवर. देऊन टाकला.

२० डिसेंबर

काकांचा नवा चष्मा त्यांना मानवत नाही. काल रेझिस्टरचे रंग दोनदा चुकीचे वाचले. परवा संध्याकाळी सोल्डरिंगची इस्त्री चालूच ठेवून निघून गेले, टेबलाला काळा खड्डा पडला. मी म्हटलं, डॉक्टर बदला. ते म्हणाले, "कंपनीचा डॉक्टर चांगला आहे." कंपनी सोडून दीड वर्ष झालं, तरी तोंडात कंपनीच.

मालतीकाकू हल्ली रोज दुपारी स्वतः डबा घेऊन येतात. कतारगामहून, दोन रिक्षा बदलून. पूर्वी काका सकाळीच डबा आणत. संध्याकाळी न्यायलाही येतात. मी म्हटलं, एवढी दगदग कशाला? तर म्हणाल्या, "घरी बसून तरी काय करू?" या वयात दोघांचं एकमेकांशिवाय चालत नाही. तुषारला हे सांगितलं तर त्याने फक्त माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका बरे आहेत ना?" मी म्हटलं, चष्मा.

१४ जानेवारी १९९७

उत्तरायण. काकांच्या गच्चीवर गेलो होतो. सगळं कतारगाम छपरांवर, हिऱ्यांचे कारखाने बंद, कर्कश लाउडस्पीकर. काकूंनी तिळाच्या पोळ्या केल्या होत्या, शेजारणीने उंधियू पाठवलं होतं.

काकांनी विचारलं, "सासूबाईंचा डोळा कसा आहे?" मी सांगितलं, दिसायला लागलंय. थोड्या वेळाने परत विचारलं. मी परत सांगितलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काकू मधेच उठल्या आणि त्यांच्या हातात फिरकी दिली. "धरा, तुषारभाऊ पतंग उडवतायत." म्हटलं तर साधंच. पण काकू माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. काही घरगुती कुरबूर असावी.

२७ जानेवारी

गजेंद्रच्या मिलमध्ये एकाला शॉक बसला. हायड्रोवर, म्हणजे ओलं कापड गरगर फिरवून पिळतात त्या यंत्रावर. निंबा नाव, खानदेशातलाच, तिशीचा. उजवा हात झाकणाला चिकटून राहिला. बाजूच्या माणसाने लाकडी दांड्याने सोडवला. जिवंत आहे. हात भाजलाय, पडताना खुब्याला मार बसलाय.

गजेंद्रने फोनवर हे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "ताई, त्या मोटारीचं टेस्टिंग मी आत्ताच केलेलं. एकदम ओके आलेलं." मी म्हटलं, उद्या मिलवर येते.

२८ जानेवारी

मिलवर गेले. हायड्रो बंद, भोवती दोरी. गजेंद्रने दाखवलं, यंत्राची अर्थिंगची तार खालून गंजून तुटलेली. तो म्हणाला, "हे पण होतं. पण मोटार चांगली असती तर अर्थ तुटूनही काही झालं नसतं." त्याने दुसऱ्या मिलमधला टेस्टर मागवून तीच मोटार तपासली होती. गेलेली होती. पार गेलेली.

"आणि आपल्या मीटरवर?"

"आत्ता पण ओके दाखवतोय."

मालकांच्या केबिनमधून मोठ्याने बोलणं ऐकू येत होतं. निंबाने ओल्या हाताने बटण दाबलं, चूक त्याचीच, असं ठरत होतं. मग दवाखान्याचा खर्च मिल देणार नाही. "ओल्या हाताने नाही तर काय," गजेंद्र हळूच म्हणाला, "हायड्रोवर कोरडा हात कोणाचा असतो?"

मीटर घेऊन आले. आज उघडला नाही. उघडायची हिंमत नव्हती असं नाही, काका समोर होते आणि त्यांचा चष्मा, त्यांचे हात, हे सगळं माझ्या डोक्यात एका बाजूला जमा व्हायला लागलं होतं. मला ते जमू द्यायचं नव्हतं. दुकानदाराने बनावट माल दिला असेल. लॅमिंग्टन रोडवर घासून नवे नंबर मारलेले तुकडे मिळतात, सगळ्यांना माहीत आहे. तसंच असणार.

२९ जानेवारी

उघडला. आत ७८०५ आहे.

बनावट नाही. आमच्या ड्रॉवरमधला. पाय काकांच्या पद्धतीने वाकवलेले, प्रत्येक पायावर बारीक नळी चढवलेली. असं सुरतेत दुसरं कोणी करत नाही. डाग सुंदर.

अॅडॅप्टर काढून त्यातलेच सेल लावून पाहिलं. काकांनी तेव्हा सांगितलं होतं तसंच, अगदी तसंच. चांगल्या-वाईटाला काटा एकाच जागी. काडेपेटी त्यांच्या टेबलाच्या खणात होती, माझ्या अक्षरातल्या नावासकट. मुंबईचा तुकडा आत तसाच.

मीही सेलवर तपासला नव्हता. मला कारण माहीत होतं, त्यांनी शिकवलं होतं, आणि गजेंद्र उभा आहे म्हणून मी अॅडॅप्टर लावला. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या सगळं काकांवर ढकलायचा मोह झाला तर माझ्या हातचं समोर असेल.

काका माझ्या मागे येऊन उभे राहिले. भिंग लावून बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "हा कोणी बसवला?"

मी पेचकस खाली ठेवला.

"सेलवरच्या मीटरला ७८०५? ज्याने बसवला त्याला डाग देता येतो, अक्कल नाही. कोणाचं काम आहे हे?"

ते खोटं बोलत नव्हते. मी त्यांचा चेहरा पाहत होते. राग होता, लाज नव्हती, कारण त्यांच्या मते तो दुसराच कोणी होता.

"माझ्याकडून बसला, काका," मी म्हटलं.

त्यांचा राग एकदम उतरला. स्टूल ओढून बसले, आणि सहातून पाच का निघत नाहीत ते मला पहिल्यापासून समजावून सांगितलं. एकही शब्द चुकला नाही. शेवटी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "होतं बेटा. शिकशील."

मी मागच्या नळावर जाऊन तोंड धुतलं.

३१ जानेवारी

मालतीकाकूंना आज डबा ठेवल्यावर बाहेर नेलं, चहाच्या गाडीपाशी. सगळं सांगितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला पण रडल्या नाहीत.

"कधीपासून?" मी विचारलं.

"मागच्या उन्हाळ्यापासून. एकदा घर सापडेना. शेजारच्या गल्लीत उभे होते, आपल्या घरासमोर उभं राहिल्यासारखे."

"मला सांगायचं होतं, काकू."

"सांगितलं असतं तर तू त्यांना काढलं असतंस." मग म्हणाल्या, "घरी ते मला विचारतात, बाई, तुम्ही कोणाकडे आलात? आणि दुकानातून परत आले की मालती म्हणून हाक मारतात. दिवसभर हातात इस्त्री असली की संध्याकाळी माझा माणूस घरी येतो. मला तेवढंच दिसत होतं. त्या मीटरच्या टोकाला कोणी माणूस असेल, हे मला काय माहीत."

मला त्यांचा राग आला. खूप आला. आणि मग स्वतःचाही आला, कारण दीड वर्षापूर्वी सुटलेल्या कंपनीचा डॉक्टर, सासूबाईंचा डोळा, शोभा, सगळं मी पाहिलं होतं आणि प्रत्येक वेळी चष्म्यावर घातलं होतं. काकूंना कळत होतं आणि त्या लपवत होत्या. मी तर कळूच देत नव्हते.

२ फेब्रुवारी

काल गजेंद्र घरी आला. तुषार होता. गजेंद्र म्हणाला, "ताई, नवा पार्ट टाका आणि मीटर परत द्या, मी काही बोलत नाही. अर्थिंगची तार माझी जबाबदारी होती. तुम्ही मीटरचं बोललात तर माझं पण निघेल. दोघं बुडू."

"आणि निंबा?"

"त्याला मी माझ्याकडून काही देईन."

तो वाईट माणूस नाही. दोन मुली आहेत त्याला. तो गेल्यावर मी तुषारला विचारलं, तू काय करशील? तो म्हणाला, "मी बँकेत आहे. मी वरच्यांना विचारीन. तुझ्या वर कोणी नाही." मला वाटलं तो मदत करत नाहीये. रात्रभर चिडले होते. सकाळी लक्षात आलं की उत्तर त्याने दिलं होतं.

३ फेब्रुवारी

मिलच्या मालकांसमोर जाऊन सांगितलं. ७८०५, लो-ड्रॉप, सेल, सगळं. त्यांना समजावं म्हणून त्यांच्याच टेबलावर मीटर ठेवला, मोटारीच्या जागी आधी चांगला, मग खराब रेझिस्टर जोडला. सेलवर आतल्या ७८०५ ने दोन्हीला 'ओके'. मग काडेपेटीतला तुकडा बसवून तेच केलं. काटा खराब असलेल्याला पडला. माझे डाग ओबडधोबड झाले.

"एटले तमारी भूल," मालक म्हणाले.

"हो. आमच्या दुकानाची. निंबाची नाही."

"बसवला कोणी?"

"दुकान माझ्या नावावर आहे."

गजेंद्र दाराशी उभा होता. मला वाटलं आता तो निघून जाईल. तो आत आला आणि म्हणाला, "शेठ, अर्थिंगची तार पण तुटेली हती. ते माझं." मालकांनी मॅनेजरला बोलावून निंबाच्या दवाखान्याचं मिलने बघायचं असं सांगितलं, आणि मला म्हणाले की यापुढे आमच्याकडे त्यांचं काही येणार नाही. गजेंद्रला रात्रपाळीला टाकलंय.

आमच्याकडे आता त्यांचंच काय, बऱ्याच जणांचं येणार नाही. पर्वत पाटियाला बातमी माझ्याआधी पोचली होती.

१० फेब्रुवारी

उन्हाळ्यापासून काकांच्या हाताखालून गेलेली सगळी उपकरणं परत मागवली. काहींनी दिली, काहींनी फोनवरच शिव्या दिल्या. एका पॉवर सप्लायमध्ये बाराच्या जागी ऋण बाराचा रेग्युलेटर निघाला, कोणी चालूच केला नव्हता म्हणून बरं. एका कॉलेजच्या ऑसिलोस्कोपमध्ये पुन्हा ७८०५. बाकीची कामं निर्दोष, माझ्यापेक्षा शंभर पटीने चांगली. कधी चुकतात आणि कधी नाही याला काही नियमच नाही. तेच जास्त भीतीदायक आहे.

काका मला मदत करतात. प्रत्येक चूक पाहून विचारतात, कोणी बसवला हा?

१५ फेब्रुवारी

आज सांगितलं. मला वाटत होतं न सांगणं ही माया आहे. पण ते माझ्यावर दया करत होते, सगळ्या चुका माझ्या समजून, आणि काल त्यांनी काकूंना म्हटलं की पोरीचं लक्ष नाही, तिच्या हाती इस्त्री देऊ नये. काकू हसल्या आणि मग त्यांना हुंदका आला.

"काका, तो तुम्ही बसवला होता. मी नाशिकला गेले होते तेव्हा."

त्यांनी मीटरमधून काढलेला ७८०५ हातात घेतला, उलटा करून त्याचे वाकवलेले पाय पाहिले. आपलं अक्षर ओळखावं तसे ओळखले. चेहरा राखेसारखा झाला.

"त्यानं कोणाला काही झालं?"

सांगितलं.

इस्त्रीचा प्लग स्वतःच काढला. तारेची गुंडाळी करून माझ्या टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "मला त्याच्याकडे घेऊन चल. उद्याच. परवापर्यंत थांबू नकोस."

का थांबू नको ते आम्हाला दोघांनाही कळलं.

१६ फेब्रुवारी

निंबा दवाखान्यातून घरी आलाय. लिंबायतला, एका खोलीत, पाच जण. काका वाटेत दर थोड्या वेळाने "निंबा" असं स्वतःशी म्हणत होते.

निंबा खाटेवर होता, हाताला कोपरापर्यंत पट्टी. बायकोने आम्हाला बसायला सतरंजी घातली. काका बसले नाहीत. खाटेजवळ गेले आणि अहिराणीत बोलायला लागले. मी त्यांना इतकी वर्षं ओळखते, ती भाषा त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

"कोणतं गाव तुनं, भाऊ?"

"पारोया तालुकाना शे मी, बाबा."

"मी बी. हात कसा शे आते?"

"बरा शे. दोन बोटं वळतस नही."

काकांनी त्याचा चांगला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "मना हाते चूक हुयनी. तो मीटर मी बिघाडा. माले माफ कर."

निंबा गोंधळला. माझ्याकडे, बायकोकडे बघितलं. एवढा म्हातारा माणूस असा उभा आहे हे त्याला सोसेना. म्हणाला, "बठा बाबा, बठा. मी जित्ता शे ना." बायको भिंतीकडे तोंड करून चहा करत होती. तिने माफ केलं की नाही ते मला सांगता येणार नाही. चहा मात्र तिने सगळ्यांना दिला. गजेंद्र म्हणतो, बोटं आली की मालक त्याला तपासणीच्या टेबलावर घेणार आहेत. बोटं येतील का ते डॉक्टर सांगत नाहीत.

परतीच्या रिक्षात काकांचा चेहरा खूप दिवसांनी मोकळा दिसत होता. मला वाटलं, बरं झालं, उशिरा का होईना सांगितलं. कॅनॉल ओलांडल्यावर त्यांनी विचारलं, "आपण कोणाकडे गेलो होतो गं?"

मी म्हटलं, "तुमच्या गावाकडचा माणूस होता, काका."

"हो, पारोळ्याचा. चांगला माणूस. हाताला लागलंय बिचाऱ्याच्या. कशानं लागलं, विचारायचं राहिलं."

"शॉक बसला. मिलमध्ये."

ते खरंच हळहळले. कितीतरी वेळ मान हलवत होते.

"हे लोक मशीनवर माणूस घालायच्या आधी मीटर लावून बघत नाहीत का?" म्हणाले, आणि माझ्या उत्तराची वाट बघत राहिले.